घटक ६ : वठलेल्या झाडातील बिऱ्हाड – रोझालिया या दुर्मीळ भुंगेऱ्याचा परिचय

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :

• लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांच्या कुळाची ठळक वैशिष्ट्ये सांगता येतील.
• रोझालिया अल्पिना या भुंगेऱ्याचा जीवनक्रम आणि वठलेल्या लाकडाशी असलेले त्याचे नाते स्पष्ट करता येईल.
• ही प्रजाती दुर्मीळ का झाली, याची कारणमीमांसा करता येईल.
• ‘कीड’, ‘मृत’ आणि ‘दुर्मीळ’ हे शब्द शास्त्रीय लेखनात कसे वापरावेत, याचा विचार करता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वर्णनपर लेखनाचा अभ्यास केला. या घटकात स्पष्टीकरणपर लेखनाचा नमुना म्हणून एका कीटकाची माहिती करून घ्यायची आहे. भाषेच्या अभ्यासक्रमात कीटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. एखादी गोष्ट स्पष्ट करून सांगताना आपण कोणते शब्द निवडतो, यावर त्या गोष्टीविषयीचे आपले आकलन बऱ्याच अंशी अवलंबून असते. पुष्कळदा त्या गोष्टीचे भवितव्यही त्यावर ठरते. याचे इतके बोलके उदाहरण दुसरीकडे क्वचितच आढळेल.

आपल्यापैकी जे कोकणातील आहेत किंवा ज्यांच्या घरी आंब्याची कलमे आहेत, त्यांना ‘भिरूड’ हा शब्द परिचित असेल. आंब्याच्या जिवंत खोडात शिरून आतला भाग पोखरणारी ही अळी. खोडावरच्या छिद्रातून भुसा बाहेर पडू लागला की बागायतदार सावध होतो आणि तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढतो. वेळीच उपाय झाला नाही तर फांद्या वाळतात आणि प्रसंगी सारे झाड हातचे जाते. या अळीचे प्रौढ रूप म्हणजे लांबलचक शृंगिका असलेला एक मोठा भुंगेरा होय. शास्त्रीय परिभाषेत त्याला बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा असे म्हणतात.

या घटकात ज्याचा परिचय करून घ्यायचा, तो रोझालिया अल्पिना हा भुंगेरा याच कुळातला, म्हणजे भिरुडाचा दूरचा नातलग आहे. तोही लाकडातच वाढतो. परंतु त्याला मारण्यासाठी उपाय योजले जात नाहीत, उलट त्याला वाचवण्यासाठी युरोपात कायदे करावे लागले आहेत. एकाच कुळातील दोन कीटकांच्या वाट्याला इतकी भिन्न वागणूक का यावी, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

६.३ कुळ, रूप आणि नावे

६.३.१ कुळाची ओळख

हे भुंगेरे सेरॅम्बिसिडी या कुळात मोडतात. जगात या कुळातील तीस हजारांहून अधिक प्रजातींची नोंद झालेली आहे. डोक्यावरच्या शृंगिका, म्हणजे स्पर्श आणि गंध यांचे ज्ञान करून देणारे तंतूसारखे अवयव, बहुधा शरीराइतक्या किंवा त्याहून लांब असतात. हे या कुळाचे सहज लक्षात येणारे लक्षण होय. दुसरे लक्षण बाहेरून दिसत नाही. यांतील बहुसंख्य प्रजातींच्या अळ्या वनस्पतींच्या आत, मुख्यत्वे लाकडात वाढतात.

मात्र ‘लाकूड’ हा शब्द येथे फारच ढोबळ ठरतो. काही प्रजातींना जिवंत झाड लागते, काहींना नुकतेच मेलेले, तर काहींना अनेक वर्षे कुजत पडलेले. काही प्रजाती देवदार, सुरू यांसारख्या सुचिपर्णी वृक्षांच्या वाळलेल्या लाकडातच वाढतात, तर काही केवळ रुंदपर्णी वृक्षांच्या. लाकडाची जात, त्याची अवस्था, त्यातील ओलावा, त्यावर पडणारे ऊन या सर्वांचा मेळ बसला तरच अंड्यातून निघालेली अळी तग धरते.

६.३.२ रोझालियाचे रूप

रोझालिया अल्पिनाची शास्त्रीय नोंद कार्ल लिनियस याने १७५८ साली केली. भुंगेऱ्याची लांबी साधारणतः १५ ते ३८ मिलिमीटर असते. अंगाचा रंग निळसर राखाडी असून त्यावर मखमलीसारखे काळे ठिपके असतात. शृंगिकाही निळसर असतात आणि त्यांच्या मधल्या काही खंडांच्या टोकांवर काळ्या केसांचे झुबके दिसतात. नराच्या शृंगिका शरीराहून पुष्कळच लांब असतात, मादीच्या थोड्या आखूड. चित्रात हा कीटक फार उठून दिसतो. प्रत्यक्षात तो ज्या बीच वृक्षावर वावरतो, त्याची सालही गुळगुळीत आणि राखाडी असल्यामुळे तो चटकन नजरेस पडत नाही.

उत्तर स्पेन, आल्प्स, इटलीतील ॲपेनाईन पर्वत, कार्पेथियन पर्वतराजी आणि बाल्कन प्रदेश हे त्याचे मुख्य क्षेत्र आहे. मध्य युरोपात मात्र तो विखुरलेल्या ठिकाणी उरला आहे. जर्मनीत तो प्रामुख्याने श्वाबियन युरा आणि बव्हेरियन आल्प्स या दोन भागांतच आढळतो.

६.३.३ नावांचा प्रवास

भाषेच्या अभ्यासकाला या कुळाची निरनिराळ्या भाषांतील नावे उद्बोधक वाटतील. जर्मन लोकांना लांब शृंगिकांत शिंगे दिसली, म्हणून त्यांनी या भुंगेऱ्यांना ‘बॉक’ म्हटले. बॉक म्हणजे बोकड. त्यावरून रोझालियाला ‘आल्पेनबॉक’, म्हणजे आल्प्सचा बोकड, हे नाव पडले. (बॉक आणि बोकड या शब्दांच्या ध्वनिसाम्यावरून त्यांची सोयरीक जुळवण्याची घाई मात्र आपण करू नये. साम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे आपण शिकलो आहोत.) चिनी भाषेत या भुंगेऱ्यांना ‘आकाशातला बैल’ अशा अर्थाचे नाव आहे. जपानी भाषेतील ‘कामिकिरी’ या नावाचा अर्थ ‘केस कापणारा’ असा सांगितला जातो. तेथे लक्ष शृंगिकांकडे न जाता बळकट जबड्यांकडे गेले.

कुळाचे शास्त्रीय नाव ग्रीक पुराणकथेतून आले आहे. सेरॅम्बस नावाचा एक गायक मेंढपाळ होता. त्याने वनदेवतांचा अपमान केला. तेव्हा त्यांनी त्याचे रूपांतर लाकूड कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यात केले. या भुंगेऱ्याला ‘लाकूड खाणारा बैल’ म्हणत, असे त्या कथेत सांगितले आहे.

आपल्या परंपरेतही लाकूड पोखरणाऱ्या कीटकाची दखल घेतलेली आहे. संस्कृतात अशा किड्याला ‘घुण’ म्हणतात. घुणाने लाकूड कुरतडताना योगायोगाने एखादे अक्षर उमटावे, त्याप्रमाणे हेतू नसताना घडलेल्या गोष्टीला ‘घुणाक्षरन्याय’ असे म्हणतात. या न्यायाचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांच्या कुळाची दोन लक्षणे सांगा.
(आ) या भुंगेऱ्यांना नावे देताना निरनिराळ्या भाषकांनी कोणकोणत्या गुणांकडे लक्ष दिले?

६.४ जीवनक्रम : तीन वर्षे आत, काही आठवडे बाहेर

रोझालियाचे आयुष्य अंडे, अळी, कोश आणि प्रौढ भुंगेरा या चार अवस्थांतून जाते. या अवस्थांचा कालावधी ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचन नीट कळणार नाही.

उन्हाळ्यात, म्हणजे तिकडील जून ते सप्टेंबर या काळात, मादी वठलेल्या बीचच्या लाकडातील भेगांत अंडी घालते. बीच ही तिची पहिली पसंती असली तरी मॅपल, एल्म, ॲश अशा इतर रुंदपर्णी वृक्षांवरही काही प्रदेशांत तिची वाढ होते. लाकूड बुरशीने किंचित पोखरलेले, पण फार ओले नसलेले आणि ऊन खाणारे असावे लागते. दाट सावलीतले, शेवाळ धरलेले, भिजट ओंडके तिच्या उपयोगाचे नसतात.

अंड्यातून निघालेली अळी लाकडात शिरते आणि बहुधा तीन वर्षे तेथेच राहते. इतका दीर्घ काळ लागण्याचे कारण तिच्या अन्नात आहे. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन. त्यात ऊर्जा असते, पण शरीर घडवण्यासाठी लागणारे नायट्रोजन अत्यल्प असते. पुष्कळ खायचे आणि थोडे वाढायचे, असा हा प्रकार आहे. अखेरच्या वर्षी अळी पृष्ठभागाजवळ येऊन कोशात जाते आणि उन्हाळ्यात भुंगेरा लाकूड कुरतडून बाहेर पडतो. त्यानंतरचे त्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे असते. तेवढ्या अवधीत जोडीदार शोधणे, मीलन आणि अंडी घालणे उरकायचे असते.

बाहेर पडताना भुंगेरा लाकडावर एक लंबवर्तुळाकार छिद्र मागे ठेवतो. लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने लांबट असलेले हे छिद्र जाणकारांना ओळखता येते. काही आठवडेच दिसणारा भुंगेरा प्रत्यक्ष सापडणे दुरापास्त असल्यामुळे संशोधक या छिद्रांच्या आधारे त्याचा वावर नोंदवतात. घुणाक्षरन्यायात किड्याने उमटवलेले अक्षर निरर्थक मानले आहे. या अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र किड्याने कोरलेली खूण अर्थपूर्ण असते. प्रत्येक छिद्र म्हणजे ‘येथे एक जीव तीन वर्षे राहून गेला’ अशी नोंद होय.

६.५ ‘मृत’ लाकूड : कोणासाठी मृत?

मराठीत झाडाच्या अखेरीसाठी किती नेमके शब्द आहेत, ते पाहा. झाड ‘सुकते’, ‘वाळते’, ‘वठते’, ‘उन्मळते’, त्याचे लाकूड ‘कुजते’. यांपैकी ‘वठणे’ हे क्रियापद विशेष महत्त्वाचे आहे. वठलेले झाड उभे असते. त्याला पालवी फुटत नाही, पण ते भुईसपाटही झालेले नसते. विज्ञानाच्या पुस्तकांतील ‘मृत लाकूड’ या भाषांतरित संज्ञेपेक्षा आपला शब्द अधिक सूक्ष्म आहे. तो झाडाची अवस्था सांगतो, पण सारे संपले असा निकाल देत नाही.

वस्तुस्थितीही तशीच आहे. झाड वठल्यानंतर त्यात नवी वस्ती सुरू होते. प्रथम सालीखाली राहणारे कीटक येतात. बुरशी लाकडाचे कठीण घटक विघटित करू लागते. लाकूड पोखरणाऱ्या अळ्यांच्या बोगद्यांतून ओलावा आणि बुरशी आणखी आत पोहोचतात. सुतारपक्षी अळ्यांसाठी खोड टोचतात आणि त्यांनी कोरलेल्या ढोलीत पुढे इतर पक्षी घरटी करतात. अखेरीस लाकूड भुसभुशीत होऊन मातीत मिसळते आणि त्यातील द्रव्ये नव्या रोपांना मिळतात. वनातील एकूण जीवजातींपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या ना त्या प्रकारे अशा लाकडावर अवलंबून असतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

म्हणजे ‘मृत’ हे विशेषण वृक्षापुरते खरे आहे. लाकडाला ते लावताच त्याचा अर्थ निसटू लागतो. लाकूड कोणासाठी मृत, हा प्रश्न विचारल्याखेरीज ते विशेषण पुरे होत नाही.

६.६ ‘दुर्मीळ’ : कोठे आणि कशामुळे?

एखादी प्रजाती दुर्मीळ आहे एवढे म्हटल्याने स्पष्टीकरण होत नाही. स्पष्टीकरणाला कारणांची साखळी दाखवावी लागते. रोझालियाच्या बाबतीत दोन कारणे मुख्य आहेत.

पहिले कारण अधिवासाचा ऱ्हास. युरोपातील बहुतेक वने शतकानुशतके लाकडासाठी राखली आणि तोडली गेली आहेत. अशा वनात झाड म्हातारे होऊन वठण्यापूर्वीच तोडले जाते. जे वठते, ते ‘वनाची सफाई’ म्हणून हलवले जाते. राखीव बीच वनांच्या पाहणीत दर हेक्टरी सरासरी सुमारे १३० घनमीटर वठलेले व पडलेले लाकूड आढळले आहे. लाकडासाठी वापरल्या जाणाऱ्या वनांत याचा लहानसा अंशच शिल्लक असतो. दुसरीकडे, चराई आणि फांद्या छाटण्याची जुनी पद्धत जेथे बंद झाली, तेथे पूर्वीची मोकळी, उन्हाची वने दाट झाली. उरलेल्या वठलेल्या खोडांवरही सावली आली. रोझालियाला नुसते लाकूड पुरत नाही, उन्हातले लाकूड लागते, हे आपण पाहिलेच आहे.

दुसरे कारण अधिक कारुण्यपूर्ण आहे. हिवाळ्यात तोडलेले बीचचे ओंडके उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागेत रचून ठेवलेले असतात. मादीच्या दृष्टीने हे ओंडके म्हणजे आदर्श स्थळ. ताजे वाळलेले, उन्हात तापलेले आणि मुबलक. ती दूरवरून आकर्षित होऊन तेथे अंडी घालते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते ओंडके गिरणीत जातात किंवा सरपण म्हणून जळतात. अळीला हवी असतात तीन वर्षे, ओंडक्यापाशी असते फार तर एक. परिस्थितिकीशास्त्रात याला ‘परिस्थितिकीय सापळा’ म्हणतात. सामान्य सापळा कोणीतरी मुद्दाम लावतो. हा सापळा कोणी लावलेला नाही. मादीची उपजत निवड अचूकच आहे. ती ज्या खुणांवर विसंबते, त्या खुणांचा अर्थ माणसाच्या व्यवहाराने बदलून टाकला आहे.

रोझालिया हे एकमेव उदाहरण नव्हे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कुजत्या लाकडावर अवलंबून असलेल्या युरोपातील सुमारे ७०० भुंगेरा-प्रजातींचा विचार केला होता. त्यांपैकी जवळजवळ १८ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे आढळले. जुन्या, मोठ्या वृक्षांची घट हे त्याचे प्रमुख कारण सांगितले गेले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) रोझालियाच्या अळीच्या वाढीला तीन वर्षे का लागतात?
(आ) रचून ठेवलेले ओंडके मादीसाठी सापळा कसे ठरतात, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

६.७ संरक्षणाचे उपाय

युरोपीय संघाने १९९२ साली संमत केलेल्या अधिवास निर्देशात रोझालियाला अग्रक्रमाने संरक्षण द्यावयाच्या प्रजातींमध्ये स्थान दिले. त्यामुळे सदस्य देशांना तिच्यासाठी संरक्षित क्षेत्रे राखणे बंधनकारक झाले. हंगेरीतील डॅन्यूब–इपोली राष्ट्रीय उद्यानाने या भुंगेऱ्याला आपले बोधचिन्ह केले आहे. युरोपातील प्राचीन बीच वनांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००७ पासून टप्प्याटप्प्याने होत गेला. आज त्यात १८ देशांतील वने आहेत.

प्रत्यक्ष वनात करावयाचे उपाय मात्र साधे आहेत. त्यांत खर्चापेक्षा वेळेचे भान अधिक लागते. तोडलेले ओंडके भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्याच्या आरंभापूर्वी, वनाबाहेर न्यावेत किंवा सावलीत ठेवावेत. ज्या लाकडात अंडी घातली गेली आहेत, ते जागीच राहू द्यावे. उन्हातली काही वठलेली झाडे आणि उंच बुंधे तोडू नयेत. रस्ता, वस्ती किंवा पायवाट यांवर कोसळण्याचा धोका असलेले झाड काढावेच लागते, याबद्दल दुमत नाही. पण वनाच्या आत उभे असलेले प्रत्येक वठलेले झाड धोकादायक नसते.

६.८ ‘कीड’ आणि ‘कीटक’

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. भिरूड आणि रोझालिया यांच्या वाट्याला भिन्न वागणूक का आली?

‘कीटक’ हे वर्गवाचक नाम आहे. सहा पायांच्या प्राण्यांचा एक वर्ग ते दाखवते. ‘कीड’ हा शब्द वेगळ्या जातीचा आहे. कीड नेहमी कशाची तरी असते : आंब्याची, धान्याची, दातांची. म्हणजे हा शब्द प्राण्याचे स्वरूप सांगत नाही, माणसाच्या हिताशी असलेला त्याचा संबंध सांगतो. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर त्याला षष्ठीतील पदाची अपेक्षा असते. भिरूड ही आंब्याची कीड आहे, हे विधान पूर्ण आणि सत्य आहे, कारण ती जिवंत झाड मारते आणि बागायतदाराचे नुकसान करते. रोझालियाची अळी वठलेल्या लाकडात वाढते. निरोगी, जिवंत वृक्षाला ती उपद्रव देत नाही, घरातील वाळक्या वाशांना आणि सामानालाही नाही. मग ती कशाची कीड? वाक्यातली षष्ठीची जागा रिकामीच राहते आणि शब्द गळून पडतो.

‘मृत’ आणि ‘दुर्मीळ’ हे शब्दही असेच सापेक्ष आहेत. मृत, पण कोणासाठी? दुर्मीळ, पण कोठे आणि कशामुळे? हे प्रश्न न विचारता हे शब्द वापरले की वर्णनाच्या जागी निवाडा येतो. ‘वठलेले झाड’ हे वर्णन आहे, ‘टाकाऊ झाड’ हा निवाडा आहे. पहिल्याने पाहण्याची सोय होते, दुसऱ्याने पाहणे थांबते.

आपल्यापैकी अनेक जण ग्रामपंचायतीत, शाळेत, सहकारी संस्थेत किंवा शासकीय कार्यालयात काम करतात. ठराव, अहवाल, सूचनापत्रे लिहिण्याची वेळ आपल्यावर येते. ‘आवारातील सर्व निरुपयोगी झाडे काढून टाकावीत’ अशा एका ओळीवर कुऱ्हाड चालते. ती ओळ लिहिणारा हात भाषेच्या विद्यार्थ्याचा असेल, तर ‘निरुपयोगी’ या शब्दापाशी त्याने क्षणभर थांबावे आणि ‘कोणाला?’ असे विचारावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

६.९ सारांश

रोझालिया अल्पिना हा युरोपातील पर्वतीय वनांत आढळणारा लांब शृंगिकांचा भुंगेरा आहे. त्याची अळी उन्हातील वठलेल्या बीच वृक्षात सुमारे तीन वर्षे वाढते. वनांची सफाई, मोकळ्या वनांचे दाट होणे आणि रचलेल्या ओंडक्यांचा सापळा यांमुळे तो दुर्मीळ झाला. ओंडके वेळेवर हलवणे आणि वठलेली झाडे राखणे हे त्यावरचे उपाय आहेत. ‘कीड’, ‘मृत’, ‘दुर्मीळ’ हे सापेक्ष शब्द आहेत. त्यांचा संदर्भ स्पष्ट केल्याशिवाय स्पष्टीकरण पूर्ण होत नाही.

६.१० पारिभाषिक शब्द

शृंगिका : कीटकाच्या डोक्यावरील स्पर्श व गंध जाणणारे तंतूसारखे अवयव.
अधिवास : सजीवाच्या वाढीस आवश्यक अशी नैसर्गिक जागा व परिस्थिती.
सुचिपर्णी : सुईसारखी किंवा खवल्यासारखी पाने असलेले (वृक्ष).
परिस्थितिकीय सापळा : अनुकूल भासणारे, परंतु वंशवृद्धीस घातक ठरणारे स्थळ.

६.११ सरावासाठी स्वाध्याय

१. रोझालियाचा जीवनक्रम आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ‘कीड’ आणि ‘कीटक’ या शब्दांतील अर्थभेद सोदाहरण विशद करा.
३. ‘तण’, ‘पडीक’, ‘भंगार’ हे शब्द वर्णन करतात की निवाडा देतात? प्रत्येकी एक वाक्य घेऊन चर्चा करा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील एखादे वठलेले झाड निवडा. महिन्यातून एकदा त्याचे निरीक्षण करून साल, छिद्रे, बुरशी, पक्षी व कीटक यांची नोंद ठेवा. तीन महिन्यांनंतर त्या नोंदींवरून २०० शब्दांत स्पष्टीकरणपर टिपण लिहा. टिपणात ‘मृत’ हा शब्द वापरू नका.